दुसरा क्लाइन कुणाच्या घरी?

फरारी माणसाच्या गोष्टीत दोनच माणसं असतात असं आपण धरून चालतो. एक पळणारा, दुसरा त्याच्या मागावर असणारा. माणदेशात वाढलेल्याला तिसरं माणूस लगेच आठवतं. पळणारा ज्याच्या वस्तीवर रात्री भाकरी खातो, ते माणूस. जोसेफ लोझी यांचा १९७६ सालचा ‘मिस्टर क्लाइन’ हा फ्रेंच चित्रपट मी या तिसऱ्या माणसाच्या बाजूनं पाहतो. दोन तासांच्या या चित्रपटात ज्याचा शोध चाललेला असतो त्या फरारी माणसाचा चेहरा एकदाही दिसत नाही. त्याला आसरा देणारी माणसं मात्र जागोजाग दिसतात, आणि तोंड उघडत नाहीत. चित्रपटाचं सगळं रहस्य या न बोलण्यात आहे.

गोष्ट १९४२ च्या जानेवारीत सुरू होते. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात आहे, पण रस्त्यावरचे पोलीस फ्रेंच आहेत. रॉबर्ट क्लाइन हा चित्रांचा आणि जुन्या वस्तूंचा व्यापारी. घर श्रीमंत, अंगावर रेशमी गाऊन, घरात प्रेयसी. ज्यू लोकांना देश सोडायची घाई झाली आहे आणि हातातलं सोनंनाणं, चित्रं मिळेल त्या भावानं विकावी लागत आहेत. क्लाइन ती विकत घेतो. त्याच्या मनात ज्यूंविषयी द्वेष नाही, प्रेमही नाही; तो फक्त भाव पाडतो. ही भूमिका आलाँ देलों यांनी केली आहे आणि चित्रपटाच्या निर्मितीतही ते होते. पडद्यावरच्या सर्वांत देखण्या पुरुषांत ज्याची गणना होते, त्या नटानं आपला चेहरा असा थंड, बिनओलाव्याचा वापरू द्यावा, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण लोझी सुरुवात क्लाइनपासून करत नाहीत. पहिला प्रसंग एका डॉक्टरच्या खोलीतला आहे. एक मध्यमवयीन बाई विवस्त्र उभी आहे. डॉक्टर तिचं तोंड उघडून जबडा पाहतो, नाकपुड्या मोजतो, कमरेचा घेर पाहतो, तिला चालायला लावतो. गुरांच्या बाजारात बैलाचे दात पाहतात तसं हे चाललेलं असतं. निष्कर्ष तो तिला सांगत नाही, लिहून घेणाऱ्या बाईला सांगतो. बाई ज्यू वंशाची आहे का, हे तिच्या हाडांवरून ठरवायचं आहे. या तपासणीचे पैसेही तिनंच भरायचे आहेत. बाहेर तिचा नवरा भेटतो, तोही अशाच तपासणीतून आलेला. दोघंही एकमेकांना झाल्या प्रकारातलं फारसं काही सांगत नाहीत. एवढ्यावर प्रसंग संपतो, आणि ही बाई कोण, तिचं कथानकाशी नातं काय, याचा खुलासा दिग्दर्शक करत बसत नाही.

तो न केल्यामुळेच प्रसंग मनात रुततो. पुढे क्लाइन एकेका दारात ‘मी तो नाही’ असं सांगत हिंडतो, तेव्हा आपल्याला ठाऊक असतं की या राज्यात आपण कोण आहोत हे माणसानं सांगायचं नसतं. ते कुणीतरी मोजून, लिहून, शिक्का मारून ठरवतं. आपल्या भागाला हे नवीन नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पुरुषांना पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडायला परवानगी, आणि कुठे चोरी झाली की पहिली धरपकड त्यांची. अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९ सालच्या ‘फकिरा’त या हजेरीचा जाच आहे. अशा जमातींना ठेवायची, तारेच्या कुंपणातली सोलापूरची सेटलमेंट माणपासून फार लांब नव्हती. तो कायदा रद्द झाला १९५२ साली. तेव्हा डॉक्टरच्या खोलीतली ती फ्रेंच बाई आपल्याला परकी वाटायचं कारण नाही.

आता क्लाइनच्या घरातला तो सौदा. एक ज्यू गृहस्थ एक डच चित्र घेऊन आलेला आहे, सतराव्या शतकातल्या आद्रियान व्हान ओस्टाड यांचं. क्लाइन तीनशे सोन्याच्या मोहरा देऊ करतो. चित्राची खरी किंमत कितीतरी अधिक आहे हे दोघांनाही माहीत आहे. आवाज चढत नाहीत. क्लाइन सभ्य आहे, पाहुणचारही नीट आहे. विकणाऱ्याला विकावंच लागणार आहे आणि घेणाऱ्यावर कसलीच सक्ती नाही, एवढ्या एका गोष्टीवर तो सौदा उभा आहे. मोहरा मोजून होतात. क्लाइन त्याला दारापर्यंत सोडायला जातो, आणि दारात पडलेलं एक वर्तमानपत्र त्याच्या नजरेला पडतं. ते ज्यूंसाठीचं पत्र आहे. त्यावर नाव छापलं आहे रॉबर्ट क्लाइन, आणि पत्ता याच घराचा.

इथं आपण क्लाइनच्या जागी असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न लोझी प्रेक्षकापुढे टाकतात. अंक चुलीत घालून गप्प बसता आलं असतं. क्लाइन तसं करत नाही. तो आधी पत्राच्या कचेरीत जातो. वर्गणीदारांच्या याद्या पोलिसांकडे असतात असं कळल्यावर थेट पोलिसांकडे जातो. आपण निर्दोष आहोत, कागद स्वच्छ आहेत, मग भ्यायचं कशाला, हा त्याचा हिशेब. त्यामुळे पोलिसांना एकाच नावाच्या दोन क्लाइनांची खबर लागते आणि पहिला संशय खबर देणाऱ्यावरच येतो. स्वतःच्या नावाची वर्दी त्यानं स्वतः दिली. पुढचं सगळं या एका भेटीतून निघतं. उत्तम पटकथेचं लक्षण मी हेच मानतो. संकट बाहेरून कोसळत नाही, नायकाच्या स्वभावातून चालत येतं. पटकथा फ्रांको सोलिनास यांची आहे, ‘बॅटल ऑफ अल्जिअर्स’ लिहिणारे तेच. सरकारी यंत्रणा माणसाला कशी वेढते याची त्यांना पक्की जाण होती.

दुसऱ्या क्लाइनचा माग मग सुरू होतो. मोंमार्त्रच्या बाजूला एका जुनाट इमारतीत त्याची खोली आहे. खोली रिकामी, कळकट. सांभाळणारी बाई बोलते, पण हातचं राखून. सापडलेल्या फोटोत माणूस आहे, चेहरा नाही. कुणा फ्लोरन्सचं पत्र येतं, त्यावरून क्लाइन खेड्यातल्या एका मोठ्या वाड्यावर जातो. तिथं मेजवानी आहे, वाद्यं वाजत आहेत, लोक उंची कपड्यांत आहेत आणि जान मोरो यांनी रंगवलेली घरमालकीण अर्धंच बोलते. एक अल्सेशियन कुत्रा क्लाइनच्या मागं लागतो, जणू त्याचा मालक हाच. एका मोठ्या हॉटेलात पोऱ्या ‘मिस्टर क्लाइन’ अशी हाक देत टेबलांमधून फिरतो, आणि आपला क्लाइन ती हाक स्वतःची म्हणून घेतो.

वाड्याचा भाग मला थोडा सैल वाटतो. तिथले संवाद फार साहित्यिक आहेत, आणि गूढ वाढवायला ते मुद्दाम लिहिल्यासारखे जाणवतात. पण बाकी शोधात लोझी एक गोष्ट विलक्षण संयमानं करतात. क्लाइनला जी जी माणसं भेटतात ती दुसऱ्या क्लाइनला ओळखतात, कुणी त्याच्यावर प्रेम केलेलं असतं, कुणी त्याला खोली दिलेली असते, कुणी त्याचे निरोप पोचवलेले असतात. तो एकटा नाही. फरारी आहे, पण त्याच्या मागं माणसं आहेत. उलट राजरोस फिरणाऱ्या रॉबर्ट क्लाइनला एक वकील मित्र आणि एक प्रेयसी सोडली तर कुणी नाही, आणि प्रेयसीही शेवटी निघून जाते.

हे पाहताना मला आपल्याकडचं तेच १९४२ साल दिसायला लागतं. त्या वर्षी ऑगस्टनंतर सातारा जिल्ह्यात माणसं भूमिगत होऊ लागली. ९ सप्टेंबरला शेजारच्या खटाव तालुक्यात वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि इतर कार्यकर्ते हुतात्मा झाले. त्यानंतर धरपकड वाढली. क्रांतिसिंह नाना पाटील पोलिसांच्या हाती लागले नाहीत ते १९४६ पर्यंत. त्यांच्यावर बक्षीस होतं, त्यांचं नाव आणि अंगकाठी गावोगाव माहीत होती. त्यांनी लपवलं होतं ते फक्त ठिकाण. १९४३ पासून प्रतिसरकार उभं राहिलं, ज्याला लोक पत्री सरकार म्हणू लागले. न्यायनिवाडे झाले, तुफान सेना उभी राहिली, जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वे अडवली गेली. हे सगळं करणारे लोक रात्री कुठंतरी झोपत होते, कुणाच्या तरी चुलीवरची भाकरी खात होते.

यात औंध संस्थानाच्या हद्दींचा मोठा वाटा होता. दहिवडीचा माण तालुका इंग्रजांचा, पण जवळचं आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींचं. कुंडलही औंधचं, चारी बाजूंनी इंग्रजी मुलखानं वेढलेलं. अशा तुकड्या-तुकड्यांच्या राज्यात इंग्रजी पोलिसाला हद्द ओलांडून सरळ हात घालता येत नसे, आणि पंतांचा कल लोकांकडे होता. प्रतिसरकारचे पुढारी जी. डी. बापू लाड हे कुंडलचेच. व्यंकटेश माडगूळकर, ज्यांच्या ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’मुळे हा मुलूख मराठी वाचकाच्या घरात गेला, तेही औंध संस्थानातल्या माडगुळ्याचे आणि कोवळ्या वयात या चळवळीत उतरलेले.

पण हद्द कितीही सोयीची असली तरी तिच्या भरवशावर माणूस वर्षानुवर्षं लपून राहत नाही. त्याला पाहिजे असतं पाणी, अंथरूण, ओल्या कपड्यांना जागा, आणि सकाळी चावडीवर विचारणा झाली की ‘आमच्याकडं कोण न्हाई’ असं म्हणणारी बाई. कुत्र्यानं भुंकू नये म्हणून त्याला धरून बसणारं पोर पाहिजे. शेजाऱ्याला दिसलं तरी त्यानं न पाहिल्यासारखं केलं पाहिजे. फितुरी होत होती, नाही असं नाही. तरीही एवढ्या मोठ्या मुलखात इतकी वर्षं माणसं टिकली, ती या असंख्य दारांमुळे. फरारी माणूस घडतो तो या दारांतून. त्याचं शौर्य त्याचं स्वतःचं, पण त्याचं न सापडणं गावाचं.

ही दारं मनात ठेवून क्लाइनकडं वळलं की त्याला दुसरा क्लाइन का सापडत नाही ते समजतं. तो चतुर आहे, पैसेवाला आहे, कुठंही जाऊ शकतो, पोलिसांच्या आधी पत्ते गाठतो. पण तो ज्या दारांत जाऊन प्रश्न विचारतो त्या दारांना त्याच्यावर विश्वास ठेवायचं काहीच कारण नाही. त्यानं आजवर कुणाला आसरा दिलेला नाही. अडलेल्यांना दारात उभं करून भाव केला आहे. दुसऱ्या क्लाइननं हे नाव नेमकं का निवडलं, मुद्दाम की सहज, हे चित्रपट सांगत नाही. मला वाटतं निवड मुद्दाम आहे. ज्या माणसावर कुणी संशय घेणार नाही, आणि ज्याच्यावर संकट आलं तर कुणाला वाईट वाटणार नाही, असा माणूस त्यानं हेरला. बरेच समीक्षक या चित्रपटाला आरशातल्या प्रतिमेची, दुभंगलेल्या मनाची गोष्ट म्हणतात, काफ्काची आठवण काढतात. ते वाचन चुकीचं नाही. पण त्यात दुसरा क्लाइन पहिल्याच्या मनातली सावली होऊन बसतो, आणि हाडामांसाचा, कामात गुंतलेला, जिवावर उदार झालेला एक माणूस गोष्टीतून नाहीसा होतो. तो खरा आहे असं मानून पाहिलं की चित्रपट अधिक भीषण होतो.

भीतीचं मूळही लोझी मनात ठेवत नाहीत, कचेरीत ठेवतात. शोधाच्या मधेमधे काही छोटे, कोरडे प्रसंग येतात. पोलीस अधिकारी नकाशे पसरून बसले आहेत. कपाटातून याद्या निघत आहेत. गाड्यांनी रस्त्यावरून जायला किती वेळ लागतो ते मोजलं जात आहे. कशासाठी, ते सांगितलं जात नाही. संगीतही नाही. आपण ते पाहतो, क्लाइनला ते दिसत नाही. त्याची सगळी धडपड एका नावापुरती, आणि इकडे हजारो नावांची तयारी पुरी होत आली आहे. संशयपटात सहसा नायकाला वाटणारा धोका शेवटी खरा की भास, हा प्रश्न असतो. इथं नायकाला वाटतो त्यापेक्षा धोका कितीतरी मोठा आहे आणि त्याचं लक्ष भलतीकडे आहे.

मग तो कॅबरेचा प्रसंग. रंगमंचावर बाईच्या वेशातला गायक संगीतकार माहलरचं शोकगीत गातो, भोवती ज्यूंची ओंगळ नक्कल चालते, आणि समोर गणवेशातले जर्मन आणि नटलेले फ्रेंच लोक हसत असतात. कॅमेरा रंगमंचावर कमी आणि हसणाऱ्यांवर अधिक थांबतो. क्लाइनची प्रेयसी उठून बाहेर जाते. चांगल्या घरची, चांगल्या कपड्यांतली माणसं एकत्र बसून हसत आहेत; हे पाहताना पोटात गोळा येतो.

ही दृश्यं ज्यांनी उभी केली त्या दोघांविषयी दोन शब्द. लोझी अमेरिकेचे. कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत नाव गेलं आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना देश सोडावा लागला. इंग्लंडमध्ये त्यांनी आरंभी टोपण नावांनी काम केलं. १९५४ चा ‘द स्लीपिंग टायगर’ दुसऱ्याच माणसाच्या नावावर आला. दुसऱ्याच्या नावाआड राहून जगणं म्हणजे काय, हे या दिग्दर्शकाला कुणी शिकवायची गरज नव्हती. नेपथ्यकार अलेक्झांडर त्राउनर तर हंगेरीतून आलेले ज्यू. जर्मन अमलात ते दक्षिण फ्रान्समध्ये लपून राहिले आणि लपलेल्या जागेतून त्यांनी ‘चिल्ड्रेन ऑफ पॅराडाइज’ या गाजलेल्या चित्रपटाच्या नेपथ्याचं काम केलं. मित्रांनी त्यांना सांभाळलं. दुसऱ्या क्लाइनची ती रिकामी खोली या माणसानं रचली आहे. तिच्यात कुणीतरी घाईनं निघून गेल्याची जी खूण आहे, ती कल्पनेनं आलेली नाही. या नेपथ्याला १९७७ चं सेझार हे फ्रेंच चित्रपट पारितोषिक मिळालं, चित्रपटाला आणि लोझींनाही.

शेवटाकडे क्लाइनला सुटायची पुरी संधी मिळते. खोटी कागदपत्रं हाती येतात, तो दक्षिणेच्या गाडीत बसतो. गाडीत दुसऱ्या क्लाइनच्या ओळखीची एक बाई भेटते आणि त्याला कळतं की तो माणूस अजून पॅरिसमध्येच आहे. क्लाइन परत फिरतो. फोन करतो, पलीकडून आवाज येतो, भेट ठरते. तो पोचतो तेव्हा पोलीस एकाला गाडीत कोंबून नेत असतात. चेहरा दिसत नाही. दोघांमधलं अंतर संपायला काही पावलं कमी पडतात. त्या रात्री भेट झाली असती तर हा चित्रपट साधा रहस्यपट झाला असता.

दुसऱ्या सकाळी क्लाइनलाही उचलतात. मोठमोठ्या बस, त्यांत कोंबलेली माणसं, बायका, पोरं. सगळ्यांना सायकलशर्यतींच्या क्रीडागारात आणतात. आद्याक्षरांच्या पाट्या लावल्या आहेत, ज्यानं त्यानं आपल्या अक्षराखाली उभं राहायचं. क्लाइनचा वकील धावत येतो, कारण क्लाइनचा वंश सिद्ध करायला लागणारं, अल्जिअर्सहून यायचं राहिलेलं आजीचं प्रमाणपत्र अखेर आलं आहे. कागद पुरे झाले, आता सुटका होणार. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून ‘रॉबर्ट क्लाइन’ असा पुकारा होतो आणि गर्दीत लांब कुणीतरी हात वर करतो. क्लाइन वकिलाकडे पाठ करून त्या हाताच्या दिशेनं जातो. परत येतो म्हणून सांगतो. गर्दीचा लोंढा त्याला आगगाडीच्या मालडब्यात घालतो, दार लागतं. त्याच्या मागं उभा आहे तो पहिल्या दिवशी चित्र विकायला आलेला गृहस्थ. आणि कानांवर येतो त्या सकाळचा सौदा, तीनशे मोहरांचा.

क्लाइन का गेला? मला दिसतं ते असं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एक माणूस मोलाचा वाटला, आणि त्याचा भाव करायची त्याला इच्छा झाली नाही. कागद हातात असताना तो कागदांवरून माणसाकडे वळला. उशीर झाला होता, हे खरं. पण त्या वळण्याला लोझी दयेनं पाहतात, आणि म्हणून एवढा थंड चित्रपट शेवटी काळजाला हात घालतो.

क्रीडागाराचा तुरुंग झालेला पाहताना आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची आठवण होणं मला टाळता येत नाही. १९३९ साली औंध संस्थानानं तिथं भिंती नसलेला तुरुंग सुरू केला. त्या विचारामागं मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू गृहस्थ होते, भगवी वस्त्रं नेसणारे, औंधच्या राज्यघटनेच्या कामातही असलेले. खुनाची शिक्षा भोगणारे कैदी तिथं शेती करू लागले. ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. पॅरिस जेव्हा खेळाच्या मैदानाला कुलपं लावत होतं, तेव्हा आमच्या दुष्काळी मुलखात कैद्यांची कुलपं काढून होऊन तीन वर्षं झाली होती. ही दोन चित्रं शेजारी ठेवून पाहावीत, एवढी ती एकमेकांशी बोलतात.

चित्रपटातली ती धरपकड खरोखर घडलेली आहे. १६ आणि १७ जुलै १९४२ या दोन दिवसांत फ्रेंच पोलिसांनी पॅरिस आणि परिसरातून १३,१५२ ज्यूंना पकडलं. त्यांत चार हजारांहून अधिक मुलं होती. ते क्रीडागार १९५९ साली पाडलं गेलं. या अटकांची जबाबदारी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी, झाक शिराक यांनी, उघडपणे मान्य केली ती १९९५ साली. लोझींचा चित्रपट त्याच्या एकोणीस वर्षं आधीचा आहे.

दहिवडी, म्हसवड, आटपाडीच्या महाविद्यालयांनी ‘मिस्टर क्लाइन’ मुलांना जरूर दाखवावा. दाखवल्यावर दुसरा क्लाइन कोण, यावर वेळ घालवू नये. त्याला कुणी कुणी घरात घेतलं ते मुलांना चित्रपटातून शोधायला सांगावं, आणि मग आपापल्या गावात भूमिगतांना कुणाच्या वस्तीवर भाकरी मिळत होती, तिथल्या बाईचं नाव काय होतं, ते विचारून लिहून आणायला सांगावं. पुढाऱ्यांची नावं पुस्तकांत आली आहेत. या बायकांची फार थोडी आली आहेत, आणि ती सांगू शकणारी माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत.